आमची नागपूरची संत्र्याची बाग

मी कॅनडाला निघाले त्या दिवशी नागपूर स्टेशनवर लोक मला निरोप द्यायचं सोडून माझं सामान बघत होते. बाबांनी बांधलेली वळकटी ही पाहण्यासारखीच गोष्ट होती. पट्टे असे आवळलेले की चादरीचं टोकसुद्धा बाहेर डोकावत नव्हतं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात ठळक नाव, त्याखाली मुक्कामाचं ठिकाण. सुरईच्या गळ्याला सुतळी, पोटाला ओलं फडकं. माझं लग्न होऊन जेमतेम काही महिने झाले होते. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुझे बाबा आयुष्यात फार हिंडलेले दिसतात." मी मान डोलावली. बाबा तोवर फार तर अमरावतीपर्यंत गेले होते, तेही कोणाच्या तरी लग्नाला आणि संध्याकाळी परत.

आमच्या घरात गावाला परत जाण्याची तयारी तीन पिढ्या चालू होती. गेलं मात्र कोणी नव्हतं. शेवटी जाणारी मी पहिली निघाले, आणि तीही भलत्याच दिशेला. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीशी चालत म्हणाले, "चार-पाच वर्षांचा तर प्रश्न आहे, मग परत यायचंच आहे." आई त्यांच्या मागे उभी होती. तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, गाडी सुटल्यावर यांचं काही खरं नाही.

तिने तसं का पाहिलं, हे सांगायचं तर पणजोबांपासून सुरुवात करावी लागेल.

आमचे पणजोबा कोकणातल्या कातळवाडीहून नागपूरला आले ते कोणाच्या तरी रजेवर. सरकारी कचेरीतले एक कारकून सहा महिन्यांच्या रजेवर काशीला गेले, त्यांच्या जागी बदली म्हणून पणजोबांना बोलावलं. कारकून काशीतच रमले, ते परतलेच नाहीत. पणजोबा मात्र मरेपर्यंत "ते गृहस्थ आले की मी निघालो" असं म्हणत राहिले. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे आजोबा, नाना, नागपुरात जन्मले, नागपुरात शिकले, गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीवर आयुष्यभर हिशेब लिहीत बसले, आणि तरीही कोणी विचारलं की सांगायचे, "आम्ही इथे तात्पुरते आहोत."

तात्पुरतेपणाचे कायदे होते. दोन माणसांना उचलता येणार नाही अशी वस्तू घरात आणायची नाही. खाटा घडीच्या, टेबल घडीचं, खुर्च्या घडीच्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण जाताना घरमालकाला भिंत जशीच्या तशी द्यायची. त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला टांगलेलं असे आणि वारा आला की महिने आपोआप पुढे जात. तुळससुद्धा आमच्याकडे कडीच्या डब्यात होती. नानांचं म्हणणं, वेळ आली की तुळशीलाही उचलता आलं पाहिजे. धरमपेठेतल्या त्या अडीच खोल्यांत आम्ही असे राहत होतो, की कोणी बाहेर टांगा आणून उभा केला असता तर चहा संपायच्या आत निघालो असतो.

माझी आई नरखेडकडची. तिकडे माणसं घर बांधतात ती त्यातून उठायची कल्पनाही न करता. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वडलांनी हौसेने दगडी पाटा-वरवंटा दिला होता. बैलगाडीतून आला, स्टेशनवर चौघांनी धरून चढवला, आणि आमच्या दारात नानांनी त्याला अडवलं. म्हणाले, "गावाला परत जाताना हे कोण उचलणार?" नवी नवरी काय बोलणार. पाटा घरमालकांच्या अंगणात गेला. पुढची वीसेक वर्षं आई चटणी वाटायला ताटली घेऊन घरमालकांकडे जात होती, स्वतःच्या पाट्यावर, परवानगी मागून.

घरमालक नत्थूजी. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान, काटोलकडे वडिलोपार्जित संत्र्याची बाग, आणि दुसऱ्याच्या भानगडीत मनापासून रस. दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन यायचे आणि बाबांना विचारायचे, "मंग मास्तर, कधी जाऊन राहिले गावाले?" बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. ते गंभीरपणे म्हणत, "यंदा नाही, पुढच्या वर्षी पाहू." नत्थूजी हसत नसत. त्यांना ते खरंच वाटायचं, आणि मला वाटतं बाबांनाही वाटायचं. आईला एकटीलाच वाटत नव्हतं, पण तिला कोणी विचारत नव्हतं.

परत कुठे जायचं, तर कातळवाडीला. तिथे आमचा घरात हिस्सा होता आणि अंगणात आमचा आंबा होता. हा आंबा आमच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा होता. नाना सोडून कोणी न पाहिलेला, पण ज्याच्याबद्दल आदरानेच बोलायचं. दर मे महिन्यात कातळवाडीहून आंब्यांची पेटी यायची. पाठवणारे तात्याकाका, बाबांचे चुलतभाऊ. पेटी उघडली की अर्धे आंबे डागाळलेले निघत. नाना गवत बाजूला सारून एकेक फळ हुंगत आणि म्हणत, "आपल्या झाडाचा वास लपत नाही." मग आम्ही सगळे वास घ्यायचो. आई फक्त एवढंच म्हणे, की मागच्या वर्षी याच झाडाचे आंबे लांबट होते. तिला कोणी उत्तर देत नसे.

इकडून तिकडे संत्री जायची. त्याची कथा वेगळी. नाना एकदा, एकदाच, कातळवाडीला गेले होते, कोणाच्या तरी मुंजीला. पंगतीत कोणीतरी विचारलं, "एवढी वर्षं तिकडे राहून कमावलंत काय?" सगळी पंगत नानांकडे बघायला लागली. नानांनी भात कालवता कालवता सांगून टाकलं, "संत्र्याची बाग आहे." हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, मिशीत हसत. त्यांना वाटलं असणार, कोकणातल्या माणसाचा जसा आंबा तशी नागपूरच्या माणसाची बाग असायलाच हवी. नसली तरी असायला हवी. पंगत गप्प झाली. पण बाग असली की फळं आली. तेव्हापासून दर हिवाळ्यात नाना बाजारातून संत्री आणून, स्वतः पेटी भरून, 'आपल्या बागेतली' म्हणून कातळवाडीला धाडू लागले. नाना वारल्यावर ते काम बाबांकडे आलं. बाबा आयुष्यात कोणाशी खोटं बोलले नाहीत, पण वडलांचा शब्द म्हणून दर वर्षी पेटीवर खिळे ठोकताना ते खजील चेहऱ्याने ठोकत. आमच्या घरात खिळे ठोकायची तेवढीच एक परवानगी होती.

हे असंच चाललं असतं. पण बाबांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली तेव्हा त्यांनी तात्याकाकांना कळवून टाकलं, की आता आम्ही कायमचे गावाला येतो, आमचा हिस्सा झाडून ठेव, आंब्याखाली एक बाक करून घे. नेमकं त्याच सुमारास दक्षिणेकडे, रेल्वेलाइनच्या पलीकडे, शेतांचे प्लॉट पडायला लागले होते. आज ज्याला मनीषनगर म्हणतात तिथे तेव्हा ज्वारी उभी होती. आईने एक प्लॉट जाऊन पाहिला होता, एकटीने. बाबांसमोर विषय काढला तर ते म्हणाले, "गावाला घर असताना इथे कशाला?" आई त्या दिवशी रागावली. रागावली की ती माहेरची बोली बोलायची. "ज्या घरात मी एक दिवस राहिली नाही ते माझं घर, अन् जिथं जिंदगी गेली तिथं मी भाडेकरू. वा रे हिशोब तुमचा." बाबा नकाशांचं पुस्तक उघडून बसले. प्लॉटची मुदत चैत्रापर्यंत होती. तोवर बाबा हो म्हणाले नाहीत तर तो जाणार होता, आणि आईला माहीत होतं की दुसरा मिळायचा नाही.

बाबांनी कळवल्यावर महिन्याभरात तात्याकाकाच येऊन उभे राहिले. कोल्हापूरच्या गाडीने, न कळवता, डिसेंबरच्या थंडीत अंगात एक पातळ कोट. चहा होतो न होतो तोच बाबांना म्हणाले, "अण्णा, आधी मला तुमची बाग दाखव. एवढी बाग सोडून तू गावाला का येतोस, ते मला एकदा डोळ्यांनी बघू दे."

आई उठून सरळ नत्थूजींकडे गेली.

नत्थूजींना अशा वेळी सांगावं लागत नसे. "काहून टेन्शन घेऊन राहिले मास्तर? बाग माझी म्हंजे तुमचीच नं गा. उद्या एक दिवस तुम्ही मालक, मी तुमचा दिवाणजी." बाबा म्हणाले, फक्त बाग दाखवा, बाकी काही नको. पण नत्थूजींना नाटकाची हौस होती आणि आजवर कोणी पडदाही ओढू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच जीपमधून आम्ही निघालो. बाग खरंच सुंदर होती. फांद्या फळांनी वाकल्या होत्या, खाली लाकडाचे टेकू दिले होते. उतरल्याबरोबर नत्थूजी बाबांच्या मागे एक पाऊल ठेवून चालायला लागले, हात जोडून, टोपी नीट करत. घरी ज्यांना भाडं द्यायला बाबा बिचकत जायचे तेच आता दर पाच पावलांवर "मालक" म्हणत होते. "मालक, पाणी सोडू का?" बाबा म्हणाले, "सोडा." पाणी सुटलं. बागेचा राखणदार ओरडत धावत आला, की कालच पाणी दिलं, कोण सोडून राहिलं. नत्थूजींनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. "मालकाचा हुकूम हाय," म्हणाले.

तात्याकाका कोकणातले, झाडांच्या संगतीत वाढलेले. त्यांनी एका झाडाची साल चाचपली, माती हातात घेऊन चुरली आणि विचारलं, "अण्णा, ही झाडं किती वर्षांची?" बाबांनी खाकरून सातवीचा धडा सुरू केला. विदर्भातील काळी मृदा, पर्जन्यमान, कोरडी हवा, दिवसाचं आणि रात्रीचं तापमान. तात्याकाकांनी सगळं ऐकून घेतलं. "ते झालं. खत काय घालतोस?" बाबा थोडा विचार करून म्हणाले, "वेळोवेळी." मी चेहरा पदरात लपवायला आईकडे वळले, तर आई तिथे नव्हती. ती विहिरीपलीकडच्या मोकळ्या तुकड्यावर उभी होती.

तात्याकाकांनीही तो तुकडा पाहिला. म्हणाले, "एवढी जागा आहे, विहिरीला पाणी आहे. मग घर इथेच का नाही बांधलंत? भाड्याच्या खोल्यांत कशाला राहता?"

हे कोणी ठरवलं नव्हतं. नत्थूजींनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी झाडाकडे पाहिलं.

"बांधणार आहोत ना," आई म्हणाली. आणि ती चालायला लागली. "हा ओटा. पूर्वेकडे, म्हणजे सकाळचं ऊन तिथे. इथून आत आलं की बैठक, फार मोठी नको, झाडायला आटोपशीर. इकडे स्वयंपाकघर. त्याला दोन खिडक्या, एक धूर जायला आणि एक मला बाहेर बघायला. या कोपऱ्यात पाटा, सिमेंटमध्ये बसवलेला. कोणी म्हटलं तरी उचलता येऊ नये. भिंतीत कोनाडे. न्हाणीचं पाणी असं वळवून केळींना. आणि इथे वृंदावन, विटांचं, डब्यातलं नाही." ती दाराच्या जागी वळत होती. जिथे भिंत असणार होती तिथे ती थांबत होती. एका ठिकाणी तर ती वाकली, कारण त्या कोनाड्याची उंची तिला ठाऊक होती. वीस वर्षं चटणी वाटता वाटता तिने ते घर विटेपर्यंत बांधून ठेवलं होतं आणि आमच्यापैकी कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मी सतरा वर्षांची होते. आईला काही हवं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि मला तिची फार दया आली आणि थोडी भीतीही वाटली.

बाबा हळूच म्हणाले, "आणि मी कुठे बसायचं?"

"तुमचं काय," आई म्हणाली, "तुम्ही गावाले चालले."

तात्याकाका विहिरीच्या काठावर बसले, कोटाची बटणं उगाच काढून लावली, आणि म्हणाले, "अण्णा, गावाला येऊ नकोस. आंबा नाहीये."

झाड नानांच्या हयातीतच वादळात पडलं होतं. मुळासकट. आणि आमचा हिस्सा म्हणजे मागची पडवी, ती त्याच्याही आधी बसली होती, आता तिथे गुरं बांधत होते. "नानाकाका दर पत्रात झाडाची खुशाली विचारायचे," तात्याकाका म्हणाले. "एवढ्या लांब बसलेल्या माणसाला कसं सांगायचं, की तुमचं झाड गेलं? आमच्या वडलांना धीर झाला नाही. त्या वर्षी राजापूरच्या बाजारातून पेटी घेऊन धाडली. मग दर वर्षी धाडत गेलो. तू येतो म्हणालास तेव्हा मला ताप भरला. बाक कशाखाली करू?"

मग बाबांमधला सज्जन माणूस उठून उभा राहिला. "तात्या," ते म्हणाले, "ही बाग नत्थूजींची आहे. आमची काहीही नाही."

"ते मला ठाऊक आहे रे," तात्याकाका म्हणाले. "संत्र्याच्या पेटीवर दर वर्षी वेगळ्या व्यापाऱ्याचा शिक्का असायचा. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही म्हटलं, काकांना बरं वाटतंय तर वाटू दे."

"अन् आंबे दर साली वेगळ्या चवीचे," आई म्हणाली. "मीबी बोलली नाही."

तेव्हा सगळ्यांत जास्त दुखावले ते नत्थूजी. "म्हंजे तुमाले सगळं मालूम होतं?" त्यांनी तात्याकाकांना विचारलं. "मंग मी सकाळपासून हात जोडून काहून उभा हाव?"

आम्ही हसलो तेव्हा विहिरीतून आवाज घुमला. राखणदाराच्या बायकोने गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले होते आणि वांग्याची भाजी केली होती. तात्याकाकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाजी तिखट आहे म्हणाले. बाबांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि ते तर नागपूरचे.

तात्याकाका चार दिवसांनी गेले. बाबांनी त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस जवळजवळ मौनातच काढले. त्यांना मी तेव्हा हसले होते. आता हसवत नाही. ज्या झाडाखाली ते आयुष्यात एकदाही बसले नव्हते ते झाड त्यांचं गेलं होतं, आणि त्यासोबत मागच्या दोन पिढ्यांची जाण्याची तयारीही वाया गेली होती. शाळेतून यायचे, घडीच्या खुर्चीत बसायचे, आणि घडी घातल्यासारखेच बसून राहायचे. आईनेही प्लॉटचा विषय काढला नाही. चैत्र जवळ येत होता आणि ती गप्प होती, हे मला सगळ्यांत विचित्र वाटत होतं.

मग एका रविवारी सकाळी ठोकण्याचा आवाज आला. बाबा पाटावर उभे राहून बैठकीच्या भिंतीत खिळा मारत होते. पहिला वाकला, दुसरा बसला. त्यांनी अंगातला सदरा काढून त्यावर टांगला आणि नुसत्या बंडीत उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. आवाज ऐकून नत्थूजी धावत आले. भिंत त्यांचीच होती, रागावायचा हक्क होता. पण दारात थबकून ते म्हणाले, "मास्तर, खिळा ठोकून राहिले?" आणि मागे वळून बायकोला हाक मारली, बघायला ये म्हणून.

बाबा आईला म्हणाले, "चल. तुझा तो प्लॉट दाखव."

घर बांधून झालं तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. खिडक्या दोन, ओटा पूर्वेला, न्हाणीचं पाणी केळींना. पाटा नत्थूजींच्या अंगणातून बैलगाडीने आला आणि गवंड्याने तो सिमेंटमध्ये बसवला तेव्हा आई तो ओला ओला असतानाच हलवून बघत होती. बाबांना ओट्यावर जागा मिळाली. आंबे आणि संत्री अजूनही जातात-येतात, फक्त आता 'आपल्या झाडाचे' असं कोणी म्हणत नाही. तात्याकाका पेटीवर उघड लिहितात, बाजारचे आहेत, आधी चाखून घेतलेत.

आणि मग मी निघाले. टोरांटोत आम्ही अपार्टमेंट भाड्याने घेतलं. पहिल्या स्नोचं कौतुक पहिल्याच आठवड्यात संपलं. लाँड्री कुठे, सबवे कुठे, टोकन कसं टाकायचं, दुधाची पिशवी कशी कापायची, हे शिकले. कोणी विचारलं की आम्ही दोघंही एका सुरात सांगायचो, की पाच वर्षं, मग परत. सोफा घ्यायला गेलो तर प्रकाश म्हणायचा, पाच वर्षांसाठी कशाला. भिंतीवर काही लावायचं तर मी म्हणायची, सोडताना भोकं बुजवावी लागतील. मला ऐकू येत नव्हतं असं नाही. आवाज नानांचाच होता, नुसता इंग्रजी मिसळलेला. पण आपण वेगळे आहोत, आपण खरंच परत जाणार, असं मला वाटत होतं. तुम्ही जे तिकडेच राहिलात त्यांना हे नाटकी वाटेल. जे माझ्यासारखे आलात त्यांच्या बैठकीत मी येऊन गेले आहे. तुमच्याकडेही भिंती कोऱ्या आहेत.

आई-बाबा रविवारी शेजाऱ्यांकडे फोनपाशी येऊन बसायचे. पाच वर्षं होऊन गेल्यावर एका रविवारी मी नेहमीसारखं म्हटलं, "आई, अजून दोन-तीन वर्षं, मग येतोच आम्ही परत." नेहमी ती "बरं" म्हणायची.

त्या दिवशी म्हणाली, "कुंदे, हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नको. याच वाक्यानं माझी वीस वर्षं खाल्ली."

मी काहीतरी सारवासारव केली.

"यायचं तर ये. उद्या ये. नाही यायचं तर तिथं नीट राहा. पण येतो येतो करत मधात लटकून राहू नको वं. अन् आमच्यासाठी म्हणून तर बिलकुल नको. आम्ही आमच्या घरात आहो." मागून बाबांचा आवाज आला, "सोफा घेतला का, तेही विचार." त्यांना सोफ्याचं कसं कळलं, मला अजून माहीत नाही.

फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आईने मला घालवून दिलं असं वाटलं. प्रकाशला सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी आम्ही घरं बघायला निघालो. टोरांटोच्याच स्कारबरो भागात एक मिळालं. लहान आहे, ड्राइव्हवे उतरता आहे, हिवाळ्यात फावड्याने स्नो काढताना कंबर मोडते.

आई मागच्या उन्हाळ्यात आली. बाबा आले नाहीत. घर सोडून कसं येणार, म्हणाले. केळींना पाणी कोण घालेल. ज्यांच्या वळकटीवर अख्खं स्टेशन खूश झालं होतं ते हे बाबा. आईची बॅग मात्र त्यांनीच बांधली होती, कारण विमानतळावर ती उघडायला आम्हाला कात्री मागावी लागली.

घरी आल्यावर आईने चपला काढल्या आणि सगळं घर हिंडून पाहिलं. बेसमेंट पाहून म्हणाली, "घराखाली घर काहून?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं, गॅसच्या शेगडीची बटणं फिरवून पाहिली, फ्रीज उघडून लगेच बंद केला. चांगलं आहे म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. मग बैठकीच्या मधोमध येऊन उभी राहिली, बॅग हातातच, पदर सावरून, आणि मला विचारलं, "मी कुठं झोपू?"

आमच्या घरात कोणी कुठे झोपायचं हे आयुष्यभर तिने ठरवलं होतं. अडीच खोल्यांत पाहुण्यांसकट तिने सगळ्यांना जागा दिली होती, आणि मी अजूनही नागपूरला जाते तेव्हा ती बोटाने दाखवते त्या खाटेवर झोपते. ती मला विचारत होती. आई माझ्या दारी पाहुणी म्हणून उभी होती, मी सांगेपर्यंत बॅग खाली ठेवणार नव्हती. इतकी वर्षं लोक मला विचारत होते तुझं घर कुठे, आणि मी नकाशावर बोट फिरवत होते.

मी तिच्या हातातली बॅग घेतली. "चल," मी म्हटलं, "तुझी खोली वर आहे."